‘गेट’चे अर्थ पाठ करून काय होणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या इंग्रजीच्या सदरात परवा ‘गेट’ या क्रियापदाचे अर्थ ओळीने छापले होते: मिळणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे. मुलं ते घोकतील आणि बोलायची वेळ आली की ‘मिळणे’पाशीच अडतील. मिरजेजवळच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले. सध्या फोनवरून युक्रेनमधल्या एका बाईला शिकवते. माझा भाचा विनित्सियाला मेडिकलला होता, त्याच्या घरमालकिणीची ही सून. तिकडे जून 2024 मध्ये कायदा झाला, काही सरकारी पदांना इंग्रजी सक्तीचं झालं, आणि हिला सरकारी नोकरीच हवी आहे.

‘गेट’साठी तिच्याकडेही एकच शब्द होता, ‘ओत्रिमाती’, म्हणजे मिळणे. पत्र, पगार, बक्षीस इथवर तो चालतो. ‘आय गॉट टायर्ड’ आलं की बाई गप्प! मग यादी बाजूला ठेवली आणि तिलाच विचारलं, दमले, हरवले, लग्न केलं, हे तुमच्याकडे कसं म्हणता? व्तोमितिस्या, झाहुबितिस्या, ओद्रुझितिस्या. प्रत्येकाच्या शेपटाला ‘स्या’. इंग्रजीत तिथे बहुतेकदा ‘गेट’ येऊन बसतं, हे तिचं तिनेच ओळखलं. अर्थात हसण्यालाही तिकडे ‘स्या’ लागतो आणि तिथे ‘गेट’चं काही काम नाही, पण अपवाद नंतर सांगता येतात. ‘दिस्ताती’ म्हणजे मिळवणे, त्यालाच ‘स्या’ लावला की कुठेतरी जाऊन पोहोचणे; आणि ‘त्याने मला दिस्ताव’ म्हणजे त्याने अगदी वात आणला. इंग्रजही वैतागून ‘ही गेट्स टू मी’ म्हणतो. तिच्याच भाषेत एवढं सापडल्यावर पाठ काय करायचं होतं?

लाइटचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबर 2022 पासून रशियाने तिथल्या वीजयंत्रणेवर हल्ले सुरू केले, तेव्हापासून भारनियमन त्यांच्या पाचवीला पुजलेलं. वीज परत आली की ती म्हणते ‘स्वित्लो दाली’, लाइट दिली. स्वित्लो म्हणजे उजेड. आपणही विजेला लाइटच म्हणतो, फक्त आपली लाइट ‘येते’. त्यामुळे तिचं ‘दे गेव्ह लाइट’ आणि आमच्या पोरांचं ‘लाइट केम’. ‘वुई गॉट द पॉवर बॅक’ तिच्या तोंडी बसवायला सबंध तास गेला, कारण देणाऱ्याला वाक्यातून काढून घरात बसलेल्यांच्या बाजूने बोलायचं होतं. (तो ‘द’ तिला जड जातो तसाच आमच्या पोरांनाही. दोन्ही भाषांत तो प्रकारच नाही.)

तेव्हा सदर लिहिणाऱ्यांना विनंती, अर्थांच्या आधी मराठी वाक्यं छापा. पुढच्या रविवारी ‘टेक’ येणार असं वाचलं. मराठीत परीक्षा विद्यार्थी देतो आणि मास्तर घेतात. इंग्रजीत विद्यार्थीच ‘टेक’ करतो. सुरुवात तिथूनच करावी, दहावीच्या मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज