सूचना : लेख पाठवण्यापूर्वी तक्ते तपासा

सदस्यहो,

नियतकालिकाकडे लेख धाडण्याआधी तक्ते पुन्हा नजरेखालून घाला. माझ्या मागच्या लेखात एक तक्ता चालू किमतींचा (त्या-त्या वर्षीच्या भावांनी), तर पुढचा 2011-12च्या स्थिर किमतींचा (सगळी वर्षं त्या एकाच वर्षाच्या भावांनी) होता. परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. प्रत्येक तक्त्याखाली आधारवर्ष, एकक आणि स्रोत हवाच. 2017-18 पासूनच्या श्रमबल सर्वेक्षणाची (पीएलएफएस) तुलना रोजगार-बेरोजगारी सर्वेक्षणाच्या जुन्या पाचवार्षिक फेऱ्यांशी करत असाल, तर नमुना निवडीतला फरक स्पष्ट लिहा.

जेईएल संकेतांक (अर्थशास्त्रातल्या लेखांचा विषय दाखवणारे वर्गीकरणाचे संकेत) विसरू नका : शेतीसाठी ‘क्यू’, श्रमासाठी ‘जे’. परीक्षकांना कळू नये म्हणून लेखकाचं नाव मजकुरातून काढलं तरी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये राहतं, तेही पुसा. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी कृपया पाठवू नका.

मसुदा कोणाकडून वाचून हवा असल्यास रविवारपर्यंत कळवा, मी आनंदाने वाचेन.