आजोबांचे घर आणि घोड्याची समाधी

महोदय,

आपली भाषा आणि उपासना इंग्रजी वर्चस्वापासून दूर, निर्धास्तपणे जपता यावी म्हणून वेल्समधील काही कुटुंबे 'मिमोसा' जहाजाने निघाली आणि 28 जुलै 1865 रोजी अर्जेंटिनातील पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर उतरली. त्या दिवसाचे स्मरण तेथे आजही होते. त्यानिमित्ताने, त्याच जहाजातून लहानपणी आलेल्या जॉन डॅनियल इव्हान्स यांच्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

1884 मध्ये सोन्याच्या शोधात गेले असता स्थानिक आदिवासींच्या हल्ल्यात त्यांचे तिन्ही सोबती मारले गेले. (अर्जेंटिनाच्या सैन्याने त्या आदिवासींवर मोहिमा चालवल्या होत्या, त्यामुळे हा रोष अकारण नव्हता, हेही नोंदवायला हवे.) इव्हान्स वाचले ते केवळ त्यांच्या मालाकारा या घोड्याने खोल घळीत घेतलेल्या उडीमुळे. हा घोडा 1909 मध्ये मेला, तेव्हा इव्हान्स यांनी त्याला घराजवळ पुरून वर कोरीव लेखाचा दगड बसवला. चेतकाची समाधी ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना या कृतज्ञतेचे मोल वेगळे सांगायला नको.

पुढे अँडीजच्या पायथ्याशी त्यांनी पिठाची गिरणी उभारण्यात पुढाकार घेतला. 'गिरणीचे गाव' अशा अर्थाचे ट्रेवेलिन हे तेथील गावाचे नावही वेल्शच आहे. 1943 मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, ते निवर्तले. त्यांच्या नातीने त्यांच्या वस्तू जपून उभारलेल्या संग्रहालयाचे नाव 'कार्ट्रेफ टाइद', म्हणजे 'आजोबांचे घर', असे साधेच आहे.

– एक वाचक, पुणे