नातीचं नाव सिसिलियाच ठेवू या

पुणे

ति. आई-बाबांना सप्रेम सलाम.

आई, सिसिलिया म्हणजे आंधळी असं कुणी तुझ्या कानावर घातलं आणि तू इतकी कासावीस झालीस. फोनवर सगळं नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

सांगणारा खोटं बोलला नाही. लॅटिनमध्ये 'काएकुस' म्हणजे आंधळा, आणि नावाचं मूळ तेच. पण ते आपल्यापर्यंत आलं आडनावाच्या वाटेने. रोममध्ये काएकिलियुस हे मोठं, मानाचं घराणं होतं. लेकींना घराण्याचंच नाव स्त्रीलिंगी करून लावायची तिथली रीत, त्यामुळे त्या घरातली प्रत्येक मुलगी काएकिलिया. तेच पुढे सिसिलिया झालं. त्यांचा मूळपुरुष म्हणे काएकुलुस. तान्हा असताना विस्तवाजवळ सापडला, धुराने डोळे मिचमिचे झालेले, म्हणून ते नाव. दंतकथाच ती, पण मला फार आवडली.

आपल्या नागपुरात बोबडे आडनावाची घरं आहेत. शरद बोबडे तर 2019 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. त्या आडनावाचा अर्थ लावत बसलंय का कधी कुणी?

आणि बाबा, या नावाशी तुमचं नातं आमच्या सगळ्यांपेक्षा जवळचं. संत सिसिलिया रोमची रक्तसाक्षी, श्रद्धेपायी प्राण दिलेली. परंपरा सांगते, घरच्यांनी तिचं लग्न लावलं. मांडवात वाद्यं वाजत होती आणि ती मनातल्या मनात देवाला गात होती. एवढ्या एका ओळीवरून ती गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची पाठराखीण झाली. तिचा सण 22 नोव्हेंबरला. तुम्ही इतकी वर्षं चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला, त्या उपासनेला, पेटी वाजवलीत. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताची बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर, आणि कोरसमधलं कुणी सुरातून ढळलं की पेटी न थांबवता नुसती मान वळवून बघणं. मी तुमच्या मागच्या बाकावर बसून हे बघत मोठी झाले. तुमच्या नातीला दुसऱ्या कुठल्या संताचं नाव ठेवू?

13व्या शतकात याकोबुस नावाच्या इटालियन धर्मगुरूंनी या नावाचे आपले अर्थ लावले: स्वर्गातली लिली, आंधळ्यांची वाट. व्याकरणाने ते टिकत नाहीत, हे खरं. पण 'आंधळ्यांची वाट' वाचलं आणि माझे डोळे भरून आले. आई, तुला नावात अर्थ हवाच असेल तर हा घे. शेकडो वर्षं भाविकांनी तो मनापासून मानलेला आहे.

बाप्तिस्मा नाताळच्या सुट्टीत, नागपुरात सदर भागातल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्येच करायचा आहे. फादरांना तारीख विचारून ठेवाल का? धर्ममाता कोण, हे आई ठरवेल. गीतं बाबांनी निवडायची, आणि गुडघे दुखत नसतील तर त्या दिवशी पेटीवर तुम्हीच बसायचं.

तुमची लाडकी,
बेबी