गोलूच्या घशातला सेल

प्रिय कुसुम,

सप्रेम नमस्कार. इकडे सारे बरे. माझी शुगर ताब्यात आहे. फोन केला असता तर नुसतं रडले असते, म्हणून लिहायला बसले.

आपल्या गोलूनं सेल गिळला. दिव्यांच्या माळेचं चपटं रिमोट असते ना, त्यातला, बटणासारखा. सारे कापूस वेचायला वावरात. सांजच्याला पाहिलं तर लेकराची लाळ गळतेय, पाणी दिलं की बाहेर. आत्याबाई म्हणाल्या, "काही होत नाही वो बाई. कुसुमनं चाराणे गिळले होते, केळं चारलं, सकाळी पडले." इतक्या वर्षांनी तुझे चाराणे आमच्या ओसरीवर! आणि ते माझे होते, तू कबूल कर न कर. मी केळं हिसकावून घेतलं, शेजारच्यांना बोलेरो काढायला लावली आणि थेट सेवाग्रामचा दवाखाना गाठला.

फोटोत गळ्याच्या खालीच गोल दिसला, कडेला दुहेरी रेघ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाण्याला अशी रेघ नसते, हा सेलच. ओल्या मासाला टेकला की त्यातून करंट वाहतो, तिथं कॉस्टिक सोड्यासारखं जहाल काही तयार होतं आणि अन्ननलिका भाजते. दोन तासही पुरतात, आणि सेल वापरून संपलेला असला तरी धोका असतोच. लेकरू वर्षावरचं असेल आणि गिळल्याचं लगेच कळलं, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यायचा, पण त्यापायी दवाखान्याला उशीर करायचा नाही. भूल देऊन दुर्बिणीनं काढला. एका बाजूनं काळाठिक्कर पडला होता.

आता पेज जाते. पण भाजलेली जागा भरताना आकसते, नळी अरुंद होते, आणि ते काही आठवड्यांनी कळते म्हणे. तेव्हा बेरियम, म्हणजे फोटोत नळी दिसावी म्हणून देतात ते पांढरं औषध, पाजून पुन्हा फोटो. कुसुम, त्याला साधा ठसका लागला तरी माझ्या हातातला घास तसाच राहतो. सून म्हणते, आई, तुम्ही जेवा. कशी जेवू? आत्याबाईंवर रागावताही येत नाही, तुझं नाणं खरंच पडलं होतं ना! पोटात उतरलेलं नाणं बहुतेकदा पडते, गळ्यात अडकलेला सेल सकाळची वाट पाहत नाही, हे त्यांना रोज सांगते. त्या मान हलवतात, अन् उद्या पुन्हा केळं काढतात.

गुडघ्याचं काय केलंस? जावयांची बदली झाली का? नातीच्या खेळण्यांत सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का, हे पत्र वाचल्याबरोबर बघ. नसेल तर सेल काढून वरच्या फळीवर ठेव. येणाऱ्यासोबत तूरडाळ पाठवते.

तुझी,
शांता