वरची खोली लागणार आहे

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायचं मुद्दाम टाळलं. फोनवर बाबा 'थांब, आधी मला एक सांग' म्हणतात आणि मग माझं सांगायचं राहूनच जातं. तेव्हा पत्र. शेवटपर्यंत वाचून झाल्याशिवाय फोन करायचा नाही, एवढीच अट. आई, बाबा मोठ्याने वाचत असतील तर त्यांना मध्येमध्ये मल्लिनाथी करू देऊ नकोस.

मुद्द्याचं आधी. मार्चअखेर मी नोकरी सोडते आहे. मिरजेत सतारमेकर गल्लीत एका कारागीर चाचांकडे जवारीचं (तारांखालची घोडी घासून झंकार जमवण्याचं) आणि तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचं काम शिकायला जाणार आहे. ते हो म्हणाले आहेत. राहायला सांगलीला, तुमच्याकडे. सोमवारी सकाळी येईन, शुक्रवारी रात्री पुण्याला परत. म्हणजे वरची खोली लागेल. तुमच्या जावयांशी बोलणं झालंय. लेक हॉस्टेलवर असते, तिला पडलेला प्रश्न एकच: 'तू आज्जीकडे राहणार, मग सुट्टीत मी कुठल्या खोलीत झोपायचं?'

आता हे खूळ कुठून शिरलं ते सांगते.

आमच्या ऑफिसात डबे उघडले की अधूनमधून एक विषय निघतो: पैशाची काळजी नसती तर काय केलं असतंत? उत्तरं ठरलेली आहेत. निम्म्यांना कोकणात होमस्टे काढायचा असतो. एकीला ताडोब्यात गाइड व्हायचंय. एकाला एसटी चालवायची आहे आणि तीही रातराणीच. आमच्या साहेबांना देशी गायींचा गोठा. होमस्टेवाल्याला मी एकदा विचारलं, पाहुणे गेल्यावर चादरी कोण धुणार? म्हणाला, माणूस ठेवू. संडास तुंबला तर? माणूस ठेवू. म्हणजे त्याला होमस्टे नकोच आहे, ओसरीवरची आरामखुर्ची हवी आहे, आणि ती त्याला रजा टाकूनही मिळेल. बहुतेकांचं तसंच असतं. समोरची खुर्ची नकोशी झालेली असते, म्हणून दुसरी कुठलीही बरी दिसते. एसटीवाला मात्र खरा निघाला. त्याने अवजड वाहनाचं लायसन्स काढलंय, सुट्टीच्या दिवशी मित्राचा ट्रक चालवतो, टायरसुद्धा स्वतः बदलतो.

मग मीही स्वतःला तोच प्रश्न टाकला. माझ्या आवडत्या कामातलं सगळ्यात रटाळ काम मी करीन का?

आई, तुझा तानपुरा जवारीला नेला होता ते आठवत असेल. तू म्हणाली होतीस, ठेवून ये, आठवड्याने आणू. मी ठेवून आले नाही, तिथेच बसून राहिले. चाचांनी तारा सैल केल्या, घोडी काढून उजेडाकडे तिरपी धरली आणि मला दाखवली. वर्षानुवर्षं तारा एकाच जागी घासून तिच्या पाठीवर बारीक खाचा पडल्या होत्या. तार त्या खाचेत बसली की झंकार मरतो, नुसताच टणत्कार उरतो. घोडीची पाठ सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला अगदी जेमतेम उतार असतो आणि थरथरणारी तार त्या उतारावर घासत जाते, त्यातून तो गुंजणारा आवाज निघतो. उतार कमी पडला तर आवाज चरचरतो, जास्त झाला तर बंद होतो. त्यांनी कानस फिरवली, दोन-तीन हात, बस्स. घोडी परत बसवली, तारा चढवल्या, मिळवल्या, डोळे मिटून ऐकलं. मान हलवली. पुन्हा तारा सैल. पुन्हा कानस. दुपारचा चहा येऊन गेला तरी हेच. शेवटी तारेखाली दोरा सरकवला, मागे-पुढे, केसाएवढा, आणि खर्ज एकदम उघडला. तू घरी छेडून पाहिलास तेव्हा काय म्हणालीस ते इथे लिहीत नाही, बाबा मोठ्याने वाचत असतील.

त्यानंतर सांगलीला आले की मी त्यांच्याकडे चक्कर टाकायला लागले. तुम्हाला वाटायचं मैत्रिणीकडे जाते. एकदा त्यांनी माझ्या हातात पॉलिशपेपर दिला आणि एक दांडी समोर ठेवली. घासा म्हणाले. तुनाचं लाकूड, तांबूस, हलकं. दिवसभर घासत बसले. नाकात भुसा, बोटांची सालटी, आणि संध्याकाळी त्यांनी अंगठा फिरवून सांगितलं, 'इथे लाट आहे, परत.' मला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी मी परत गेले. मला मिळालेलं उत्तर हेच.

बाबा, आता तुमचा पहिला आक्षेप. शेहेचाळिसाव्या वर्षी कोणी शिकाऊ होतं का? तुम्हाला आवडणारी उदाहरणं देता येतील. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. टांझानियात प्रॅक्टिस केली आणि १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, पूर्णवेळ नट झाले. वसंतराव देशपांड्यांनी कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केली. पण खरं सांगू का, ही उदाहरणं माझ्या कामाची नाहीत. लागू डॉक्टरकी करताना नाटकं करतच होते, वसंतराव तर लहानपणापासून गात होते. त्यांनी नोकरी सोडली तेव्हा दुसरं काम हातात तयार होतं. माझ्या हातात फक्त सोललेली बोटं आहेत.

मला शिकलगारांचं उदाहरण जवळचं वाटतं. मिरजेची ही सगळी कारागिरी ज्यांच्यापासून सुरू झाली ते फरीदसाहेब शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणाऱ्या, ती घासूनपुसून चकचकीत करणाऱ्या घरातले. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची लढाई संपली, तलवारीला गिऱ्हाईक राहिलं नाही. पटवर्धनांच्या मिरजेत गवयांचा राबता होता, त्यांची वाद्यं बिघडत होती, आणि गावात बारीक हात असलेली माणसं रिकामी होती. त्यांनी तंतुवाद्यं उघडून पाहिली, दुरुस्त केली, मग नवी घडवली. आज त्या घरांची आडनावंच सतारमेकर झाली आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाबा तुम्हीच मला कात्रणाचा फोटो पाठवला होता. आणि ही अख्खी गल्ली धंदा बदललेल्या लोकांची आहे.

मी इतकी वर्षं टेस्टिंग केलं. लोकांनी बांधलेलं सॉफ्टवेअर कुठे अडतं ते शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून पाहायची, नाही जमलं तर पूर्ववत करायची. चाचा घोडीशी दुसरं काय करतात? एवढी शिदोरी मी घेऊन जाते आहे. कान आईने दिलाय. स्वयंपाकघरातून 'पंचम उतरलाय गं' म्हणून ओरडायचीस, हातात लाटणं घेऊन. माझा गळा कधी सुरात लागला नाही, पण कान लागला.

अख्खा तानपुरा घडवायला शिकेन असं मी म्हणत नाही. ते काम वेगळंच आहे. भोपळे येतात तुमच्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानातून. कडू भोपळा, वेलावर पुरता पिकलेला आणि मग महिनोन्महिने वाळवलेला. तो कापायचा, भिजवायचा, आतून साफ करायचा, आकार देत पुन्हा सुकवायचा. कुठला भोपळा कुठल्या दांडीला शोभेल, आईसारख्या काळी चारच्या पट्टीत गाणाऱ्या बाईला कुठला आणि भारदस्त आवाजाच्या बुवांना कुठला, हे बघताक्षणी कळायला त्या घरात जन्मावं लागतं. मला दुरुस्ती शिकायची आहे: जवारी, खुंट्या, तडा गेलेले भोपळे, निघालेल्या तबल्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळ्या. पुण्यात गाणं शिकणाऱ्यांचा तोटा नाही. मिरजेचे कारागीर फेरीवर येतील तोवर लोक वाट बघतात, आणि काहीजण कंटाळून तानपुरा माळ्यावर टाकून मोबाइलवरचा तानपुरा लावतात. मोबाइलला मी नावं ठेवत नाही, त्याच्यामुळे रियाज बुडत नाही. पण माळ्यावरचे ते तानपुरे मला हवे आहेत.

काळी बाजू चाचांनीच सांगितली. पाठ जाते. भुसा छातीत जातो. एक तारखेला काही येत नाही. लग्नसराईत, परीक्षेच्या दिवसांत गिऱ्हाईक फिरकत नाही. त्यांचा मुलगा कॉम्प्युटर शिकला आहे आणि त्याला पुण्यात नोकरी हवी आहे. चाचा मला म्हणाले, 'ताई, तुम्ही इथे येता, त्याला तिकडे घ्या.' त्याचा बायोडाटा मी आमच्याकडे देऊन आले आहे. बहुधा होईल काम. बाई इथे कशी बसणार हा प्रश्न चाचांना पडला नाही, समोरच्या चहावाल्याला पडला. त्याचंही हळूहळू होईल.

पैसे. बाबा, आता पेन घ्या. फ्लॅटचं कर्ज फिटलंय, बँकेचं ना-हरकत पत्र कपाटात आहे. ग्रॅच्युइटी मिळेल, तिचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस सव्वीस धरून, काढून बघा. ती आणि साठवलेलं मिळून दोन वर्षं मी एक रुपया कमावला नाही तरी घर चालतं. जावयांचा पगार चालू आहे. दोन वर्षांत हाताला काम लागलं नाही, तर परत टेस्टिंगला जाईन, पगार कमी मिळेल, मिळू दे.

एक गोष्ट मात्र बदलते आणि ती तुमच्याशी संबंधित आहे. कंपनीच्या विम्यात तुम्ही दोघं होतात, ते माझ्या शेवटच्या दिवशी संपणार. तुमचं वय बघता खाजगी पॉलिसीचा हप्ता डोळे पांढरे करणारा आहे. पण ७० आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे इस्पितळातले उपचार त्यात येतात. बाबा, 'आपण काय गरीब आहोत का' हे वाक्य तोंडावर आलं असेल, ते गिळा. आधार कार्डावरचं वय बघतात. आईची तारीख गुरुजींनी लावलेली १ जून असली तरी सरकारला तीच चालते. मी आले की दोघांचं एकदमच करू, ते होईपर्यंत मी राजीनामा देणार नाही.

बाबा, आणखी एक. तुम्हाला मिरज-पंढरपूर नॅरो गेजच्या इंजिनावर चढायचं होतं, हे आत्याने मला सांगितलंय. शाळा बुडवून स्टेशनात बसायचात म्हणे, आणि एका ड्रायव्हरने तुम्हाला एकदा शिट्टी वाजवू दिली होती. पुढे बँकेत लागलात, आणि तिथे तुम्ही खूश होतात, हेही मी बघितलंय. लेजर जुळलं की तुमचा चेहरा कसा व्हायचा ते मला आठवतं. त्यामुळे तुमचं स्वप्न राहिलं म्हणून मी माझं पुरं करते आहे वगैरे काही नाही. फक्त मी गल्लीत जाऊन बसले म्हटल्यावर तुम्हाला अगदीच परकं वाटू नये.

आता कामाचं. खोलीतला लोखंडी पलंग राहू दे. गाद्यांची ती चळत तेवढी हलवायला हवी, पण तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही, मी आल्यावर करीन. खिडकीपाशी टेबल लागेल आणि एक चांगला दिवा, तो मी आणते. रात्री घासाघाशीचा आवाज येईल, नऊनंतर बंद. आई, माझा स्वयंपाक वेगळा करू नकोस, तुमचं जे असेल ते. डबा मात्र लागेल.

आणि आई, तुझ्याकडे एक मागणं आहे. गिऱ्हाइकाच्या वाद्यावर शिकाऊला कुणी हात ठेवू देत नाही, ते बरोबरच आहे. मला कानस चालवायला एक तानपुरा हवा. तुझी मूळ घोडी काढून जपून ठेवू. चाचा तिच्याच मापाच्या दोन-तीन कच्च्या घोड्या करून देतील, त्या मी बिघडवीन. पण तोवर तुझा तानपुरा कधी चरचरेल, कधी मुका होईल, आणि तुला रोज पहाटे तो तसाच घेऊन बसावं लागेल. नको असेल तर नाही म्हण, मी जुना कुठला तरी विकत घेईन, वाईट वाटणार नाही. हे उत्तर तू स्वतः दे. बाबांना विचारून नाही.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, गाद्यांना खरंच हात लावू नका.