आजी, दोष तुमच्या हाताचा नाही

दादा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. तुमच्या लेखी ते दोनेक तासांचं काम होतं. आईच्या खोलीतल्या खिडकीची झडप वर उचललीत, तिचं हँडल बदललंत, पिशवी आवरलीत आणि निघालात. दारात मी 'थँक्यू' म्हटलं खरं, पण माझं सगळं लक्ष आईकडे होतं. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

हँडलला कापडाची पट्टी का बांधलीय, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'सैल झालंय' एवढंच सांगितलं होतं. ते अर्धंच उत्तर होतं.

आई ७९ वर्षांची आहे. संधिवातानं तिच्या दोन्ही हातांची बोटं वाकली आहेत, मूठ पूर्ण मिटत नाही. तिची बटणं मी लावते, वेणी मी घालते, औषधाच्या बाटलीचं झाकण मी उघडून ठेवते. एकेक काम तिच्या हातातून सुटत गेलं आणि आम्ही ते उचलत गेलो. सकाळी उठून आपल्या खोलीची खिडकी उघडणं, हे एकच तिनं सोडलं नव्हतं. तिच्या आधी कुणी जाऊन उघडली तर दिवसभर गप्प असायची.

दीडेक वर्षापूर्वी ते हँडल जड व्हायला लागलं. आई दोन्ही हात लावून ते फिरवायची. मग एक दिवस ते मुळाशी तुटलं आणि तिच्या हातातच आलं.

दुरुस्तीला पहिले गृहस्थ आले ते खोलीत शिरलेसुद्धा नाहीत. दारातूनच म्हणाले, "हे मॉडेल आता मिळत नाही, अख्खी खिडकी बदलावी लागेल." दादा, तुम्ही तर मला दोन मिनिटांत दाखवलंत की अशा खिडक्यांच्या हँडलमागचा चौकोनी दांडा बहुतेक ७ मिलिमीटरचाच असतो आणि दोन स्क्रूंमधलं अंतर ४३ मिलिमीटर. माप जुळलं की कंपनी कुठलीही असो, हँडल बसतं. हे त्या माणसाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

दुसऱ्यांनी फोटो मागवला, रंग जुळवला आणि हँडल आणलं. स्क्रू झाकणारी टोपी किंचित उचलून फिरवायची असते. ती त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खुपसून काढली आणि तिचा कोपरा उडवला. दांडा लांबीला कमी पडत होता, तरी तसाच बसवला. आतल्या चौकोनी भोकात तो जेमतेम टेकत होता, हे तुम्ही नंतरचं हँडल काढून ते भोक दाखवलंत तेव्हा कळलं. भोकाच्या कडा झिजायला लागल्या होत्या. आणखी थोडे दिवस गेले असते तर आतला गिअर बॉक्सच, म्हणजे हँडलनं फिरणारं यंत्रच, बदलावा लागला असता, म्हणालात. ते हँडल चार महिने टिकलं.

तिसऱ्यांबद्दल लिहिताना आजही माझा हात थरथरतो. त्यांनी तुटलेला तुकडा पाहिला, आईकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "म्हातारी माणसं आडवातिडवा जोर लावतात. वापरायची पद्धत चुकतेय. त्यांना हात लावू देऊ नका." आई तिथेच बसली होती. ऐकू तिला चांगलं येतं.

आणि मी काय केलं? मी त्यांचं ऐकलं. ते नवीन हँडल बसवून गेले आणि मी आईला सांगितलं, "आई, आता तू नको उघडूस, मी उघडत जाईन." ती "बरं" म्हणाली. वाद घातला नाही, रुसली नाही. त्याच दिवसापासून ती खिडकीकडे पाठ करून बसायला लागली. खुर्ची सरकवलीय हे मला दिसत होतं, पण उन्हाचा त्रास होत असेल म्हणून सोडून दिलं. तेही हँडल ढिलं झालं तेव्हा मी त्याला पट्टी बांधली. ती खिडकी बंद राहावी म्हणून नव्हती बांधली, आईनं विसरून हात लावू नये म्हणून बांधली होती. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे.

तुम्ही आलात ते मोरीच्या खिडकीला जाळी बसवायला. हे काम तुम्हाला सांगितलंही नव्हतं. आईच्या खोलीतून जाताना पट्टी दिसली म्हणून थांबलात. मी तर म्हटलं, "राहू द्या, तीन जण बघून गेलेत, तीनदा बिघडलंय ते." तुम्ही म्हणालात, "तीनदा हँडल बिघडलं म्हणजे दुखणं हँडलमध्ये नसणार." मग कापडाची पट्टी सोडलीत आणि खिडकी उघडलीत.

यानंतर जे केलंत ते मला सगळं बारकाईनं लिहायचं आहे.

झडप पूर्ण उघडी होती. तिच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती तुम्ही अंगठ्यानं दाबून धरलीत. झडप उघडी असताना हँडल चुकून फिरू नये म्हणून ती असते, हे मला त्या दिवशी समजलं. मला वाटलं, आता हे हँडल फिरवून बघतील. तुमचा दुसरा हात मोकळाच होता. पण तुम्ही मान वळवून आईला म्हणालात, "आजी, जरा इकडे येता का? तुमचा हात हवाय."

आई उठलीच नाही. म्हणाली, "माझ्या हातानं मोडतं ते."

तुम्ही कडेची पट्टी सोडली नाहीत. तिथेच उभं राहून म्हणालात, "मोडलं तर मी आहे ना, या." मी तिला धरून आणलं. तिनं घाबरत घाबरत तळहात ठेवला आणि हँडल फिरलं. अगदी सहज, लोण्यासारखं. खाली केलं, आडवं केलं, परत खाली. ती तुमच्याकडे बघत राहिली. मग तुम्ही खिडकी लावलीत आणि म्हणालात, "आता फिरवा." ते हललंच नाही. तुम्ही स्वतः फिरवायला गेलात, तुम्हालाही जोर लावावा लागला.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघितलंत? उघडी असताना फिरतं, लावली की अडतं. आजी, दोष तुमच्या हाताचा नाही. झडप खाली बसलीय."

मग तिला जवळ घेऊन दाखवलंत. चौकटीवरच्या, खाचा असलेल्या लॉक प्लेटवर घासून चकचकीत झालेल्या खुणा होत्या. झडपेतली पट्टी वर-खाली सरकते, तिच्यावरचे गुंडे या खाचांत जाऊन अडकतात. झडप स्वतःच्या वजनानं दोन-तीन मिलिमीटर उतरली, तर गुंडे खाचेत न जाता प्लेटच्या कडेवर आपटतात. मग तो सगळा जोर हँडलच्या मानेवर येतो आणि मान मोडते. उघडी असतानाही जड असतं तर बिघाड गिअर बॉक्सचा धरला असता, असंही सांगितलंत. माझ्यापेक्षा आईच जास्त लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "म्हणजे कोणीही फिरवलं असतं तरी तुटलंच असतं?" तुम्ही म्हणालात, "कोणीही. पैलवानानं फिरवलं असतं तर लवकर तुटलं असतं."

दादा, दीड वर्ष ही बाई मनातल्या मनात स्वतःला मोडतोड करणारी समजत होती. पाण्याचा पेलाही ती टेबलावर ठेवताना दोनदा बघायची. ते सगळं तुमच्या त्या एका वाक्यानं पुसलं. नुसतं सांगितलं असतंत तर तिनं मानलं नसतं, माणसं समजूत घालायला काहीही बोलतात. तुम्ही तिच्याच हातानं तिला ते दाखवलंत.

बिजागरीच्या अॅलन स्क्रूला दिलेले वेढे, आतल्या पट्टीवर मारलेला सिलिकॉनचा स्प्रे, हे सगळं तुम्ही किती चटकन उरकलंत. मला ते नीट सांगताही येणार नाही. झडप जागेवर आल्यावर तेच ढिलं हँडल आईच्या हाताला फिरायला लागलं होतं. दुसरा कुणी असता तर स्क्रू आवळून निघून गेला असता. तुम्ही म्हणालात, "फिरतंय, पण हे आजींच्या हाताचं हँडल नाही." आणि गाडीतून ती फळी आणलीत.

फळीवर चार हँडलं बसवलेली होती. ती तुम्ही माझ्यापुढे धरली नाहीत, सरळ आईच्या मांडीवर ठेवलीत. रंगाबद्दल मी काहीतरी विचारायला गेले तर म्हणालात, "रंग शेवटी बघू, आधी हात." आई एकेक फिरवून बघत होती आणि तुम्ही हँडलांकडे बघतच नव्हता, तिच्या मनगटाकडे बघत होता. ती बोटांनी पकडत नाही, तळव्याच्या मुळानं ढकलते, हे तुम्ही ओळखलंत. रोज तिच्यासोबत राहून मला ते कधी दिसलं नव्हतं. म्हणून तुम्ही लांब मुठीचं, गोलसर कडांचं, झडपेपासून थोडं जास्त बाहेर येणारं हँडल निवडलंत. हात जितका टोकाला, तितका जोर कमी लागतो. कुलपाचं हँडल घेऊ का, असं मी विचारलं होतं. तुम्ही आधी विचारलंत, घरात लहान मूल आहे का. नाही म्हटल्यावर म्हणालात, "मग कशाला? घाईच्या वेळी चावी शोधत बसायचं, तेही असल्या हातांनी?" महागातलं घेऊ का, म्हटलं तेव्हा चकाकीवर जाऊ नका म्हणालात आणि माझ्या हातात जुना तुकडा ठेवलात. वर चांदीसारखा मुलामा आणि आतून तुटल्या जागी करडी, दाणेदार, पातळ भिंत.

स्क्रूही तुम्ही मोजून घेतलेत. फार लांब झाले तर आतल्या यंत्राला टेकतात, म्हणालात. मागच्या चौकोनी दांड्याची लांबी दोनदा मोजलीत. आधीच्या तिघांपैकी एकाच्याही हातात मी मोजपट्टी पाहिली नव्हती.

हे लिहिताना मला सारखं वाटतंय की कसब असलेली माणसं पुष्कळ असतात. तेही तिघे कामात अगदी अडाणी असतील असं नाही. पण खोलीत बसलेल्या माणसाला त्यांनी सामानात धरलं. त्यांचं बोलणं माझ्याशी, हिशेब माझ्याशी. ज्या हातानं ते हँडल रोज फिरणार, त्या हाताला कुणी काही विचारलं नाही. तुम्ही मात्र पहिल्या क्षणापासून गिऱ्हाईक कोण हे ओळखलंत. हे कुठे शिकवतात मला माहीत नाही. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

शेवटी सगळं बसवून झाल्यावर तुम्ही खिडकी स्वतः लावून बघितली नाहीत. हत्यारं भरत बसलात आणि पाठमोरेच म्हणालात, "आजी, झालंय बघा." ती एकटी उठली. खिडकी लावली, हँडल खाली केलं. मग उघडली. परत लावली. सहा-सात वेळा केलं असेल. तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत आणि पिशवी भरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट लावलात. मला तो वेळ दिसला, दादा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती हँडलच्या आवाजानं. मी उठून गेले नाही. अंथरुणातच पडून ऐकत राहिले. आता खुर्ची पुन्हा खिडकीकडे तोंड करून आहे.

एक काम आहे. बाहेरच्या खोलीच्या खिडकीचं हँडलही हल्ली जड वाटतंय. तुम्ही दाखवलंत तसं आम्ही आधी झडप उघडून, कडेची पट्टी दाबून फिरवून पाहिलं. सहज फिरतं. लावल्यावर अडतं. प्लेटवर खुणाही आहेत. म्हणजे तुटायच्या आत तुम्हाला सांगायला हवं. घाई नाही, या बाजूला याल तेव्हा या. आणि येताना ती फळी आणा. आईनं सांगितलंय की या खेपेला हँडल माझ्या हाताला बसेल असं घ्यायचं आहे, आणि माझा हात कसा फिरतो ते बघायला ती तुमच्या शेजारी उभी राहणार आहे.

तुमची,
खिडकीवाल्या आजींची मुलगी