फॉर्म भरलाय, बाबा

ह्यूस्टन, 14 डिसेंबर 2025

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा एकदम गप्प झाले, म्हणून लिहितेय. जज्जच्या निवडणुकीचा फॉर्म भरलाय. 8 तारखेला मुदतही संपली.

बाबा, शिरस्तेदारकीत जन्म गेला तुमचा. पक्षाच्या नावावर मतं मागून कुणी जज्ज होतं का, असं तुम्हाला वाटणारच. आपल्याकडे एमपीएससीची परीक्षा, इथे टेक्सासात डिस्ट्रिक्ट कोर्टाचा जज्ज लोकच निवडतात, चार वर्षांसाठी. आठ वर्षांची वकिली लागते. सरकारी वकिली आणि मग स्वतःचं ऑफिस धरून माझी कधीच झाली. मतपत्रिका लांबलचक, त्यात आमची नावं पार खाली. 2020 पासून एकाच खुणेत अख्ख्या पक्षाला मत देता येत नाही, म्हणून देवळापासून चर्चच्या नाश्त्यापर्यंत हिंडतेय. अमुक खटल्यात असा निकाल देईन, असं वचन द्यायला मात्र बंदी. वकीलच देणग्या देतात आणि उद्या तेच समोर उभे राहतात, हे मलाही रुचत नाही. रकमेला कायद्यानं मर्यादा आहे, एवढंच. पण विट्याच्या प्रकरणात तुम्ही जसे कुणाची बाजू न घेता वागलात, तसं मला वागता येईल. खरंच येईल.

सुट्टीत तुमच्या टेबलाखाली लाल फडक्यातल्या बासनांना टेकून मी झोपायचे, आणि पट्टेवाल्यानं नाव पुकारलं की दचकून उठायचे. खिशातले शेंगदाणे द्यायचात तेव्हा. हे वेड तिथलंच आहे, मला बोलू नका!

एफडी अजिबात मोडायची नाही. प्रचाराला परदेशी नागरिकाचा एक डॉलरही चालत नाही. तुमचे पैसे घेतले तर पहिला खटला माझ्यावरच. आमची काळजी नको, निवडून आले तर मूळ पगारच वर्षाला 1,75,000 डॉलर आहे.

जानेवारीत मोतीबिंदूच्या वेळी मी नसेन. ते मनाला लागलंय. दादा रजा काढतोय, थेंबांचं वेळापत्रक त्याला पाठवलंय. आई, बाथरूममध्ये दांडी बसवून घे, गिझरवाल्याला पुन्हा बोलाव, आणि गुडघा दुखत असताना दळण घेऊन जिने चढायचे नाहीत. मंदाताईंना सांग, त्या आणतील. बीपीची गोळी जेवणानंतर आठवली, असं चालणार नाही.

3 मार्चला पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षातली निवडणूक. तिथेच पडले तर पाडव्याला तुमच्या दारात. निभावले तर 3 नोव्हेंबरचं मतदान उरकून लक्ष्मीपूजनाला येते, निकाल काहीही लागो. तोवर कॉलनीत 'आमची जज्ज झाली' म्हणून सांगत सुटू नका. आई, हे तुलाच आहे.

तुमची,
सुमी